पुसलेली फुली

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. कोळीण असून समुद्राला घाबरते, यावर आमच्या मांडवी गावात पुष्कळ हसून झालेलं आहे. लहानपणी बाबा होडी घेऊन निघाले की मी धक्क्यावर भोकाड पसरायची. संध्याकाळी जरा उशीर झाला की आईच्या आधी मी देव पाण्यात घालायची. बाबा उभा जन्म समुद्रावर गेले आणि शेवटी घरात, खाटेवर, आमच्या सगळ्यांच्या देखत वारले. म्हणजे माझी सगळी रडारड फुकट गेली. तेव्हापासून घरात माझ्या भीतीला काडीची किंमत उरली नाही.

बाबांमागे त्यांची होडी खाडीच्या काठाला निळ्या प्लॅस्टिकखाली पडून होती. लाकडी, मागच्या बाजूला लहानसं डिझेल इंजिन असलेली. धाकटा भाऊ दुसऱ्यांच्या बोटींवर खलाशी म्हणून जायचा. यंदा मालकाशी त्याचं वाजलं आणि भर आषाढात त्यानं जाहीर केलं की नारळी पौर्णिमेला मी बाबांची होडी काढणार. दोन जोडीदारही त्यानं ठरवले. ते दोघं म्हणाले, पौर्णिमेपर्यंत थांबतो, त्या दिवशी होडी निघाली नाही तर दुसऱ्याच्या बोटीवर चढू. दोघांनाही पोरंबाळं होती, त्यांचं काही चुकलं नव्हतं.

प्लॅस्टिक काढलं तेव्हा मी तिथेच होते. होडीच्या आत अळंबी उगवली होती. एका फळीवर भावानं अंगठा दाबला तर अंगठा आत गेला. तो माझ्याकडे बघून हसला. मला हसू आलं नाही.

पैसे बेताचेच होते. नवं लाकूड घेणं शक्य नव्हतं. लांज्याकडे एक जुनं घर पाडत होते, तिथून त्यानं ऐनाची चांगली जाड तुळई उचलून आणली आणि गिरणीवर कापून घेतली. होडीच्या कामाला एक म्हातारा सुतार मिळाला. बोलणं कमी, पण हात आणि कान तयार. त्याची कामाची रीत मला अजून डोळ्यांसमोर दिसते. हातोडीनं तो एकेक फळी बाहेरून ठोकत जायचा, डोकं तिरकं करून ऐकायचा. लाकूड खणखणीत बोललं तर पुढे. बद्द वाजलं तर खिशातून खडू काढून तिथे फुली मारायची. अख्खी होडी अशी ठोकून झाली की मग फुली असेल ती फळी काढायची, नसेल ती ठेवायची. परत ऐकायचं नाही, परत मोजायचं नाही. त्याचा सगळा हिशेब त्या खडूवर.

त्याचं ठोकणं संपलं त्या दुपारी पावसानं जरा उघडीप दिली. सुतार जेवायला गेला होता. मला वाटलं, एवढं ऊन पडलंय तर आपण मागची बाजू तेलून घ्यावी. आमच्याकडे होडीला बाहेरून मुशीचं, म्हणजे शार्क माशाचं, तेल लावतात. वास असा की आठ दिवस नवरा जवळ येत नाही, पण लाकडात पाणी शिरत नाही. तेल लावायचं तर लाकूड कोरडं हवं, आणि पावसाळ्यात कोरडं लाकूड मिळतं कुठे? मी फडकं घेतलं, इंजिनाच्या खालचा भाग खसाखसा पुसला आणि कुंचल्यानं तेल चोपडलं. फडक्याला पांढरं लागलं होतं. मला वाटलं मीठ. आमच्या इथे पांढरं काही दिसलं की ते मीठच असतं. भांड्यांवर मीठ, खिडकीच्या गजांवर मीठ. होडीवर दुसरं काय असणार? फडकं घरी नेऊन पडवीतल्या खिळ्याला अडकवून दिलं.

जेवून आल्यावर सुतारानं मला शाबासकी दिली. ही बाई कामाची आहे म्हणाला. मी दिवसभर फुशारले.

पुढचे दिवस पळापळीत गेले. सहा फळ्या बदलल्या. तुळईतून बरोबर सहाच फळ्या निघाल्या होत्या. लाकूड ना कमी पडलं, ना उरलं. भाऊ म्हणाला, "बाबांनीच मोजून दिल्यान." आम्हा सगळ्यांना तो शुभशकुन वाटला, मलासुद्धा. मग सांध्यांत कापूस ठासला, वर राळ घातली, इंजिन सुरू करून बघितलं. सुतार आपली हत्यारं गुंडाळून जयगडच्या बाजूला दुसऱ्या कामावर गेला. पौर्णिमेला आठ दिवस होते. माणसं जमवून, ओंडक्यांवरून ढकलत होडी खाडीत उतरवली.

उतरल्या उतरल्या ती पाणी प्यायला लागली.

यात घाबरण्यासारखं काही नसतं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. सुकलेली लाकडी होडी पाण्यात गेली की सांध्यांतून गळतेच. दोनचार दिवसांत लाकूड फुगतं, सांधे आपोआप मिटतात. तोवर कुणीतरी पाणी उपसत राहायचं. ते काम मी मागून घेतलं. पहाटे बाजारात जायच्या आधी मी होडीत उतरायची आणि बालदीनं पाणी काढायची. पहिल्या दिवशी पन्नास बालद्या निघाल्या, दुसऱ्या दिवशी तीस, तिसऱ्या दिवशी अठरा. माझा जीव भांड्यात पडत चालला होता. चौथ्या दिवशी पुन्हा अठरा निघाल्या. पाचव्या दिवशीही अठराच.

मी भावाला सांगितलं. तो धक्क्यावर जाळं ठीक करत बसला होता.

"पितेय अजून," तो म्हणाला. "जुनी हाय ती. बाबांच्या टायमालाबी प्यायची."

"पण कमी व्हायला हवं ना रे? तीन दिवस तेवढंच आहे."

"आक्का," तो हसत म्हणाला, "तुझ्या भीतीवर इंजिन चालला असता ना, तर मना डिझेल लागला नसता."

जोडीदार हसले. मीही हसले. काय करणार? जन्मभर प्रत्येक वेळी घाबरलेल्या बाईनं या वेळचं घाबरणं वेगळं आहे, हे पटवायचं कसं? मलाच ते पटत नव्हतं. रात्री अंथरुणावर पडलं की मी त्या अठरा बालद्या मोजत बसायची आणि स्वतःला दटावायची की गप झोप, तुझं हे नेहमीचंच आहे.

पण एक गोष्ट मनातून जाईना. ठोकणं संपवून खडू खिशात टाकताना सुतार काहीतरी आकडा बोलला होता. सहा म्हणाला, की सात? मी त्याला फोन लावला. वारा आणि हातोड्यांच्या आवाजातून तो ओरडला, "मी ध्यानात ठेवीत नाय गो बाय. फुली असते ती काढतो." आणि फोन ठेवून दिला.

सहाव्या दिवशी मी होडीत उतरले तेव्हा कमरेला सुरी होती, मासे कापायची, अरुंद पात्याची. पाणी इंजिनाच्या बाजूनं येतंय असं वाटत होतं, म्हणून तिथला तळावरचा पाट उचलून खालच्या फळीत ती टोचून बघावी, एवढंच करायचं होतं. मी पाट उचललाही. काळं पाणी, त्यावर डिझेलचा तवंग. हात पुढे गेला नाही. सुरी आत गेली तर पौर्णिमा गेली, जोडीदार गेले, भावाचं तोंड कायमचं पडलं. आणि आत गेली नाही तर मी पुन्हा हसण्यावारी. पण खरं सांगू? मला कळून घ्यायचंच नव्हतं. मी पाट होता तसा बसवला आणि अठरा बालद्या काढून बाजारात गेले. त्या दिवशी भावानं विचारलं, "किती?" मी म्हटलं, "कमी झालंय." हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं, आज लिहितेय.

पौर्णिमेचा दिवस उजाडला. आमच्याकडे त्याच दिवशी राखी. भाऊ पहाटेपासून होडीवरच असणार, म्हणून मी ताटली घेऊन धक्क्यावर जायचं ठरवलं. राखी, कुंकू, अक्षता, दिवा, नारळीभाताचा डबा. ताटली पुसायला घाईत पडवीतलं हाताला लागलं ते फडकं ओढलं आणि हातात धरून तशीच उभी राहिले. फडक्यावरचा पांढरा डाग होता तसा होता. कोरडा.

श्रावणात मीठ कोरडं राहतं? आमच्या स्वयंपाकघरात बरणीतल्या मिठाला पाणी सुटलेलं होतं. गजांवरचं मीठ ओघळून गेलं होतं. मी डागाला जीभ लावली. खारट लागलं नाही. कशाचीच चव लागली नाही. दातांत बारीक कचकच आली, शाळेत खडू चावताना यायची तशी.

धक्क्यापर्यंत मी पळत गेले की चालत, आठवत नाही. होडी झेंडूच्या माळांनी सजली होती. पूजा झाली होती. भरती लागली होती. खाडीच्या तोंडाशी वाळू साचलेली असते, तिथून भरतीच्या पाण्यावरच बाहेर पडायचं. बाहेर जाऊन दर्याला नारळ द्यायचा आणि तिथूनच पुढे पहिलं जाळं टाकायचं, असा बेत होता. भावानं मला बघितलं, धक्क्यावर आला आणि हात पुढे केला.

"बांध लवकर. पानी चढला की निघायचा हाय."

मी राखी उचलली नाही.

"सातवी फळी आहे," मी म्हटलं. "इंजिनाखाली. तिची फुली मी पुसली. मीठ समजून."

त्याला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो आवाज खाली आणून म्हणाला, "आज नको आक्का. सगला गाव बघतोय. आज तुझा हा नको."

जोडीदार एकमेकांकडे बघत होते. जन्मात पहिल्यांदा मला समुद्राची नाही, माणसांची भीती वाटली. मी ताटली धक्क्यावर ठेवली, होडीत उतरले आणि पाट उचलला. भाऊ ओरडला, "पूजा झालीय! लोखंड लावू नको!" सजवलेल्या होडीला पातं लावायचं नाही, असं आमच्याकडे मानतात. ते मलाही ठाऊक होतं.

मी कमरेची सुरी काढून टोचली. ती अडली. लाकूड टणक होतं.

वर कुणीतरी हसलं. मला वाटलं, आता इथेच मरण यावं. तरी हात आणखी आत घालून, इंजिनाच्या बैठकीमागे, जिथे बाहेरून मी ते फडकं फिरवलं होतं तिथे पुन्हा टोचली. सुरी मुठीपर्यंत आत गेली. आवाजसुद्धा झाला नाही. घाबरून मी ती उपसली, आणि अंगठ्याएवढी धार उसळून माझ्या तोंडावर आली.

पुढचं सगळं गोंधळाचं आहे. भावानं डोक्याचा फेटा त्या भोकात कोंबला. भोक फेट्यासकट मोठं झालं. जोडीदारांनी दोर ओढून होडी काठाला घेतली, तोवर इंजिन अर्धं बुडालं होतं. झेंडूच्या माळा पाण्यावर पसरल्या. बाकीच्या बोटी वाजतगाजत आमच्यासमोरून गेल्या.

संध्याकाळपर्यंत दोन्ही जोडीदार दुसऱ्या बोटीवर चढले. मांडवीभर एकच बोलणं होतं, बहिणीनं पौर्णिमेला होडी फोडली. भाऊ माझ्याशी एकच वाक्य बोलला, "भोसकलीस म्हनून भोक पडला." त्यानंतर त्यानं माझ्या दाराकडे बघणं सोडलं. आणि मी रात्रभर विचार करायची की खरंच तसं असेल का? कदाचित ती फळी वर्षभर टिकली असती. कदाचित माझ्या भीतीनंच होडी बुडवली.

पाचव्या दिवशी सुतार आला. मला बोलावणं नव्हतं, तरी मी जाऊन लांब उभी राहिले. त्यानं ती फळी पटाशीनं उचकटली तर ती अख्खी निघालीच नाही, तुकडे तुकडे हातात आले. एक मूठभर भुगा त्यानं भावाच्या तळहातावर ठेवला.

"खाडीच्या तोंडावर वालूला एकदा आपटली असती," तो म्हणाला, "की गेला असता तुमी तिघंव."

भावानं तो भुगा चिमटीत चोळून बघितला. मला वाटलं आता तो माझ्याकडे बघेल. नाही बघितलं. मी घरी येऊन रडले, कशासाठी ते मला सांगता येणार नाही.

फळी सुताराच्याच अंगणातून आली. इंजिन खोलून सुकवण्यात आणखी दिवस गेले. गणपती येऊन गेले. गौरीच्या जेवणालाही भाऊ आला नाही. मग एका पहाटे, मी टोपली भरत असताना, तो दारात येऊन उभा राहिला. नवे जोडीदार मिळाले होते, हे मी बाजारात ऐकलं होतं.

"आक्का," तो म्हणाला, "सुरी घे."

आम्ही धक्क्यावर गेलो. मी होडीत उतरले आणि पुढच्या टोकापासून मागपर्यंत एकेक फळी टोचत गेले. भाऊ वर हात बांधून उभा होता. नवे जोडीदार खोळंबले होते, त्यातला एक काहीतरी पुटपुटला, तर भावानं त्याला गप केलं. इंजिनामागे मी चार ठिकाणी टोचलं. सुरी कुठेच शिरली नाही. पाणी निघालं ते फक्त दोन बालद्या.

मी वर आले तेव्हा त्यानं मनगट पुढे केलं. राखी पौर्णिमेपासून माझ्या पदराच्या गाठीला होती, गोंडा पार चपटा झालेला. मी ती बांधली. गाठ दोनदा मारली.

"बघितलंस ना नीट?" त्यानं विचारलं.

"बघितलं."

"मग जाव?"

आमच्या घरातला कुणी समुद्रावर जाताना मला असं विचारेल, हे मी कधी धरलंच नव्हतं. भरती लागलेली होती, तिघंही माझ्या तोंडाकडे बघत होते. जा म्हणायला मला बराच वेळ लागला.