बर्फात घातलेलं मीठ

चंदूदादावर मी एकदाच ओरडले असं सांगितलं तर ते खोटं होईल. मी रोज ओरडायचे. भांडी ओली का, ट्रे इथे का, मोबाईलवर गाणी कशाला. माझं तोंडच तसलं, डोंबिवलीत आमच्या बिल्डिंगमध्ये कुणालाही विचारा. तो ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "बोलून घे गो ताय, मंग चाय आनतो."

ठाण्यातल्या आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये मी टेक्निशियन आणि तो एकवीस वर्षं शिपाई. खाडीकाठचा कोळी. खाडीत मासळी उरली नाही तेव्हा होडी विकून इथे लागलेला. त्याची लेक अंतरा लग्न करून शहाडला दिलेली, आणि तिची पोरगी प्राप्ती, सहा वर्षांची. चौथ्या वर्षापर्यंत ती धावत होती. मग जिना चढेना, मग हातात चमचा धरवेना.

डॉक्टरांना शंका होती. शरीराच्या प्रत्येक पेशीत ताकद दळणारी एक गिरणी असते, तिच्यातलं एक प्रथिन पोरीत जन्मापासूनच नसावं. औषध नव्हतंच. पण अंतराची सासू उठता-बसता म्हणायची, "आईने पाजलं नाही, खायला घातलं नाही, म्हणून पोर अशी झाली." चंदूदादाला एक कागद हवा होता. "माझ्या लेकीची चूक नाय, येवरा लिवून दे गो ताय," तो म्हणायचा. बाकी काही मागितलं नाही त्याने.

आमच्या सुश्रुत सरांनी संशोधनाच्या कामात प्राप्तीचा नमुना घ्यायचं कबूल केलं. मांडीतून काढलेला स्नायूचा तुकडा, हरभऱ्याच्या डाळीएवढा. त्यात ते प्रथिन आहे की नाही हे बघायला अँटिबॉडी लागते, परदेशातून मागवलेली, करंगळीच्या पेराएवढ्या बाटलीत. ती फक्त त्या एका प्रथिनाला चिकटते. प्रथिन असलं की पट्टीवर काळी रेघ उठते, नसलं तर नाही. दोन महिने वाट बघितली तिची. शनिवारी आली. मी चंदूदादासमोर फ्रीजच्या दुसऱ्या फळीवर ठेवली आणि घरी आले.

रविवारी लॅबची लाईट गेली. वॉचमनने चंदूदादाला कळवलं. तो मला फोन करू शकला असता. पण "रविवारी फोन केलास तर बघ" हे मीच त्याला शंभरदा सांगितलेलं. मग तो धक्क्यावर गेला, सायकलवर बर्फाची लादी बांधून आणली, फोडली आणि बाटली त्यात पुरली. लाईट येईपर्यंत सहा तास बाजूला बसून राहिला.

सोमवारी त्याने सांगितलं, "लाईट गेलेली. मी बर्फात ठेवली." बर्फात आम्हीही ठेवतो, त्यात काही बिघडत नाही. मी म्हटलं, "शाब्बास रे दादा!" एकवीस वर्षांत पहिल्यांदा. तो लाजला. मी पुढे काही विचारलं नाही.

तुकडा एवढासाच, म्हणून सगळाच वापरला. संध्याकाळी पट्टी बघितली तर प्राप्तीच्या जागी रेघ नाही. शेजारी धडधाकट माणसाचा नमुना होता, तुलनेसाठी. तिथेही रेघ नाही. पट्टी अख्खी कोरी. म्हणजे अँटिबॉडीच मेलेली होती.

"दादा, बर्फात अजून काय घातलेलं?"

"खडेमीठ," तो म्हणाला, अगदी हौसेने. "बापूस घालायचा. मीठ घातला का बर्फ अजून गार होतो, पापलेट कडक राहतो."

"मीठ? अरे, कुणी सांगितलेलं तुला नसता शहाणपणा करायला? गोठली ना ती! गोठवू नका म्हणून बाटलीवर लिहिलंय!"

लिहिलेलं इंग्रजीत होतं. तो बाटलीकडे बघत राहिला. मग त्याने हळूच विचारलं, "पोरीचा तुकरा?"

"संपला."

दुसरा तुकडा काढता आला नाही. पोरीचा श्वास तोवर इतका अशक्त झालेला की भूल देता येणार नव्हती. नारळी पौर्णिमेच्या आधी आठ दिवस ती गेली. मी शहाडला गेलेले. सासू सगळ्यांसमोर तेच बोलत होती, पाजलं नाही, खायला घातलं नाही. अंतरा मान खाली घालून बसलेली. चंदूदादा बापासारखा बाप, पण उत्तर द्यायला त्याच्या हातात कागद नव्हता. मला त्या बाईचं थोबाड फोडावंसं वाटलं. पण माझ्याही हातात काय होतं?

नवी बाटली दिवाळीनंतर आली. चंदूदादाने दोन्ही हातांनी नेऊन दुसऱ्या फळीवर ठेवली. दुसऱ्यांच्या नमुन्यांवर छान चालली, रेघ काळीभोर उठली. तो माझ्या मागे उभा राहून बघत होता.

"ही रेघ आमच्या पोरीत होती का गो ताय?"

"नाही सांगता येत, दादा."

त्याने मान हलवली आणि जेवायला बसला. मी बाजूला बसले, त्याच्या डब्यातला घास उचलला. भात, वर मासळीचं कालवण, आणि कशातच मीठ नाही. मी त्याच्याकडे बघितलं.

"श्रावणापासून सोडलाय," तो म्हणाला.

"दादा, चूक माझी होती रे. मी विचारलं नाही तुला. फोनही करू दिला नाही."

"मीठ मी घातला, ताय," तो म्हणाला आणि जेवत राहिला.