साडी कुठाय?

ऑनलाइन तीनपत्तीत मी स्वतःच पैसे उडवले आणि वर बँकेत तक्रार घेऊन गेलो, की हे व्यवहार माझे नाहीतच.

उल्हासनगर कॅम्प दोनच्या शाखेत माझ्यापुढे मांजर्लीच्या एक बाई होत्या. अंबरनाथ एमआयडीसीत जेवणाचे डबे पोचवून त्यांनी साठवलेलं सगळं दिराने त्यांच्याच कार्डावरून जुगारात घातलं होतं. स्टेटमेंटवर मात्र जुगाराच्या अ‍ॅपऐवजी नाव होतं कुठल्याशा साडी सेंटरचं. डब्याचं झाकण बसवावं तशी काउंटरच्या काचेवर थाप मारत त्या बोलत होत्या.

"साडी घेतली म्हणता ना? मग साडी कुठाय? दाखवा!"

"मॅडम, ओटीपी तुमच्याच फोनवर आला होता," काउंटरमागच्या साहेबांनी जांभई दिली.

"आला असेल! जुगाराला साडी म्हणणारा चोर दिसत नाही, माझा फोन बरा दिसतो तुम्हाला!"

माझंही डोकं सणकलं. मी ओरडलो, "ताईंचं बरोबर आहे! माझ्या जुगारालासुद्धा स्टेटमेंटवर फुलांचं दुकान म्हटलंय!"

साहेबांची जांभई अर्ध्यावरच थांबली. बाई माझ्याकडे वळल्या.

"म्हणजे तुम्ही स्वतः खेळलात? मग व्हा बाजूला! तुमच्यासारख्या खोटारड्यांमुळेच माझं खरं कोणाला पटत नाही."