खोकडीच्या बिळाची वाट

म्हसावदच्या शाळेत मास्तर होतो, तेव्हा सुट्टीत मी पेटी-कॅमेरा घेऊन डोंगराच्या पायथ्याच्या पळसबनात जायचो. तिथे एका खोकडीने, म्हणजे लहानशा कोल्हीने, बिळात पिल्लं घातली होती. सात दिवस रोज सकाळी मी झुडपाआड बसलो, तेव्हा कुठे ती मला बुजेनाशी झाली.

आठव्या दिवशी ती दोन पिल्लांना घेऊन उन्हात आली. मी खटका दाबला, आणि त्याच वेळी मागून तीन कुत्री सुटली. माझा माग काढत शेजारचा शेतकरी त्यांना घेऊन आला होता. खोकडी पळाली असती, पण ती पिल्लांपुढे उभी राहिली. कुत्र्यांनी तिला दोन्हीकडून धरून फाडलं. एक पिल्लू बिळात शिरलं. दुसरं शेतकऱ्याने काठीने ठेचलं.

"मास्तर, मन्ह्या कोंबड्या हाईच खाई ऱ्हायनी," खोकडीकडे काठी दाखवत तो हसत म्हणाला. "तुम्हीच वाट दाखाडी."

शाळेत मी कधी छडीसुद्धा उगारली नव्हती. पण त्या क्षणी कॅमेऱ्याची तिवई उचलून मी त्याच्या तोंडावर हाणली. त्याचा दात पडला आणि मला बरं वाटलं. तो रक्त थुंकत उठला आणि काठीच्या एका तडाख्यात त्याने माझा डावा हात मोडला.

मग आम्ही दोघे धापा टाकत तिथेच बसलो. कुत्री अजून खात होती. शेवटी त्यानेच पागोटं सोडून माझा हात गळ्यात बांधला. गावात लोकांनी विचारलं तेव्हा, दोघे नाल्यात पडलो, असं त्याने सांगितलं. मी मान डोलावली.