कोंबडी प्रभूची, अंडं माझं

रविवारची उपासना आटोपून, जेवून, मी अमोलिक पाळकसाहेबांच्या गोष्टींची प्रत तपासायला बसले आहे. उद्या ती छापखान्यात जायची. साहेब जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून चर्चची मंडळी या पुस्तकासाठी माझ्या मागे लागली आहे. हसवता हसवता शास्त्रात नेऊन सोडणारा तसा माणूस पुन्हा व्हायचा नाही. डोळे जड झालेत, अक्षरं पातळ होत चालली आहेत.

"तबिथा, पहिली गोष्ट वाच," समोरच्या खुर्चीवरून साहेब म्हणतात.

ते गेलेले आहेत हे मला माहीत आहे, तरी मी चहा विचारते. ते नको म्हणतात.

मी वाचते. हंगामाच्या सणाला लोक धान्य, भोपळे, कोंबड्या वेदीपुढे आणतात. साहेबांच्या पहिल्या नेमणुकीच्या खेड्यात एका गृहस्थाने कोंबडी आणली. ऐन प्रार्थनेत तिने अंडं घातलं. गृहस्थाने ते हळूच खिशात टाकलं आणि सगळे बघताहेत म्हटल्यावर म्हणाला, कोंबडी प्रभूची, अंडं माझं. या गोष्टीला मी दरवेळी पोट धरून हसले आहे. आताही हसते.

साहेब हसत नाहीत. "उरलेली अर्धी मी कधी सांगितलीच नाही."

आम्ही त्या खेड्यातल्या चर्चमध्ये बाकावर आहोत आणि वेदीच्या जागी आमची चूल आहे. बाजेवर चार वर्षांची मी, मुदतीच्या तापातून उठलेली, काडी झालेली. चुलीपाशी माझे बाबा खिशातून अंडं काढतात.

"ते बाबा होते?"

"तू वाचलीस तर घरातली एकुलती कोंबडी देईन, असं प्रभूला कबूल केलं होतं त्यांनी. दिली. मग तुला भरवायला घरात दुसरं काही उरलं नव्हतं."

ही गोष्ट ऐकताना बाबा शेजारी बसलेले असत आणि मी हसून हसून त्यांच्याच मांडीवर थापा मारत असे. मेल्याहून मेल्यासारखं होतं. साहेबांचा रागही येतो. का लपवलंत, मी विचारते.

"त्यांनी वचन घेतलं होतं. म्हणाले, लोक हसेनात का, पण पोरीला कळू देऊ नका. तिला घास गोड लागायचा नाही."

"मग आज का सांगता?"

"आता तिकडे शेजारीच बसतो आम्ही. त्यांना विचारूनच आलोय."

बाबांना हाक मारायला मी तोंड उघडते आणि जागी होते. ऊन भिंतीवर चढलं आहे, मान आखडली आहे. हाताखाली प्रत आहे. 'एका गृहस्थाने' या शब्दांवर काट मारलेली आहे. वर, माझ्याच अक्षरात, लिहिलं आहे: माझे बाबा, शिमोन लक्ष्मण वाघचौरे यांनी.