‘सौ.’च्या पुढचं नाव

माझ्या वहिनीचा जुन्नरला फोटो स्टुडिओ आहे. मी पुण्यातल्या एका कंपनीचं प्रोग्रामिंगचं काम घरूनच करतो, त्यामुळे तिच्या कॉम्प्युटरचं काही अडलं की हाक मलाच. घाटघरच्या बचत गटानं तिला ओळखपत्रांचं काम दिलं होतं. तिनं गावात जाऊन बायकांचे फोटो काढले आणि प्रत्येक फाइलला त्या त्या बाईचं नाव दिलं. तेच नाव उचलून कार्डावर छापणारा प्रोग्राम तिनं कुणाकडून तरी आयता घेतला होता.

बाजारच्या दिवशी मी स्टुडिओत असतानाच गटाच्या अध्यक्षबाई चौघींना घेऊन नमुने बघायला आल्या. पहिल्या कार्डावर नावाच्या जागी नुसतं ‘सौ’. दुसऱ्यावरही तेच.

“आमी समद्या एकच बाई हाय का काय?” अध्यक्षबाई म्हणाल्या. बाकीच्या हसल्या. वहिनीचा चेहरा उतरला.

“माजं आलंय की बरुबर,” मागची एक बाई म्हणाली. खरंच, तिचं नाव आडनावासकट पूर्ण होतं. पुढे ‘श्रीमती’.

मग मला उलगडलं. फाइलच्या नावाशेवटी टिंब आणि ‘जेपीजी’ असं एक्स्टेंशन असतं. ते छापलं जाऊ नये म्हणून प्रोग्राम टिंबापासून पुढचं सगळं उडवत होता, पण पहिल्याच टिंबापासून. ‘सौ.’चं टिंब आधी येई आणि नाव जाई. ‘श्रीमती’ला टिंबच नाही. शेवटच्या टिंबापासून कापायला सांगितल्यावर सगळी नावं आली.

मी हे समजावून सांगितलं, तशी ती बाई म्हणाली, “म्हंजी मालक गेले म्हणून माजं नाव ऱ्हायलं व्हय?”

तिनं सहज विचारलं होतं.

अध्यक्षबाईंनी कार्डं बाजूला सारली. “भाऊ, सौ बी नको न् श्रीमती बी नको. नुसती नावं टाका.”

“चालेल ना सगळ्यांना?” वहिनीनं विचारलं.

“कारड आमचं. का नाय चालणार?”

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं घाटघरला कार्डं द्यायला गेलो. शाळेच्या ओट्यावर वाटप झालं. त्या बाईनं आपलं नाव बोट फिरवत वाचलं. फोटो मात्र तिला पटला नाही. “लई रागावल्यावानी दिसतीय,” म्हणाली आणि पदर सारखा करून पुन्हा भिंतीशी उभी राहिली. वहिनीनं कॅमेरा काढला.