काचेवरचा हात

मला कोणी बातमी सांगितली की मी आधी सांगणाऱ्याचं तोंड बघतो. बातमी चांगली असेल तर जरा जास्तच वेळ. दीड महिन्यापूर्वी चहाच्या वेळेला सुमनवहिनींचा फोन आला, "मास्तर, ह्ये गेलं आपल्याला सोडून," म्हणाल्या. आणि माझ्या तोंडून काय निघावं? "कोणी तपासलं? डॉक्टर आले होते का?" त्या एवढंच म्हणाल्या, "या तुमी." माझा थोरला चुलतभाऊ किसनदादा दुपारी जेवून आपल्या खुर्चीत बसला होता. समोर टीव्ही चालू, आवाज बंद. तो सिनेमा नेहमी आवाज बंद करूनच बघायचा, त्यामुळे दोन तास घरात कोणाला काही वेगळं वाटलंच नाही. वहिनी चहा घेऊन गेल्या तेव्हा पडद्यावर कुठलंसं मोठं शहर पाण्याखाली जात होतं, रिमोट त्याच्या मांडीवर होता, आणि तो कधीच गेला होता.

मी कोपरगावला असतो. तिथल्या एका शाळेत इंग्रजी शिकवलं, तिथेच निवृत्त झालो. दादा मात्र आमच्या गावातच राहिला, देवळाली प्रवराच्या अलीकडे, उसातल्या गावात. साखर कारखान्याच्या बॉयलरवर फिटर होता. नोकरी संपली आणि या माणसाला सिनेमाचा नाद लागला. बरं, तोही साधा नाही. आकाशातून दगड येतोय, सूर्य विझतोय, समुद्र उठून डोंगरावर चढतोय, असले जगबुडीचे परदेशी सिनेमे. नगरच्या एका दुरुस्तीवाल्याकडून तो जुन्या सीडी पिशवी भरून आणायचा. घरी बघून थांबला असता तर मी काही बोललो नसतो. पण यानं टीव्ही उचलून विहारात नेला. रविवारी वंदना झाली, त्रिसरण-पंचशील झालं की बुद्धमूर्तीच्या शेजारी टीव्ही मांडायचा, आवाज बंद करायचा आणि स्वतः उभा राहून सगळ्या पात्रांचं मराठीतून बोलायचा. शास्त्रज्ञही तोच, राष्ट्राध्यक्षही तोच, रडणारी बायकोही तोच. आणि सगळे शेवट एकाच जागी येऊन पोचायचे. कोणीतरी एक जण मागे थांबतो, म्हणून बाकीचे वाचतात. तिथे दादा सिनेमा थांबवायचा आणि विचारायचा, "आता सांगा, दान कशाला म्हनायचं?" आयाबायांना, पोरांना, ऊस तोडून आलेल्या माणसांना जे प्रवचनातून कळलं नव्हतं ते म्हणे इथं कळायचं.

मला यात काहीतरी काळंबेरं दिसत होतं. त्याग हा शब्द कोणी उच्चारला की मला आवळा देऊन कोहळा काढणारा माणूस आठवतो. मी त्याला म्हणायचो, "दादा, आपल्या लोकांनी पिढ्यानपिढ्या त्यागच केलाय, तोही न विचारता. आता जरा घ्यायला शिकव त्यांना. आणि तुझ्या सिनेमात मागं कोण राहतं ते बघितलंस का? साहेब कधी राहत नाही. मेकॅनिक राहतो, काळा माणूस राहतो, नाहीतर ज्याला घरदार नाही असा कोणी. गोष्ट लिहिणाऱ्यानं आधीच ठरवलेलं असतं कोणाला मारायचं." दादा हसायचा. म्हणायचा, "आरं, सायेब थांबला तर दार लागंल का? त्याला कडी कुठं हाय त्ये तरी म्हायती आसतं व्हय?" सगळं विहार हसायचं आणि मी इंग्रजीचा मास्तर आपला ताकही फुंकून पीत बसायचो. आवाज का बंद ठेवतोस, असं विचारलं तर उत्तर तयार असायचं. "जग बुडाया लागल्यावं मानूस येवढं बोलतं व्हय?" मला हे उत्तर कधीच पटलं नाही. जो माणूस आवाज बंद करतो त्याला काहीतरी ऐकू द्यायचं नसतं, असं माझं मत.

त्याचा सगळ्यात लाडका एक सिनेमा होता, त्याचं नाव सीडीवर उरलेलंही नव्हतं. धूमकेतू आदळणार म्हणून माणसं डोंगराच्या पोटात जाऊन लपतात. शेवटी भलं मोठं लोखंडी दार लागतं, एक जण बाहेर राहतो. दाराला जाड काचेची खिडकी आहे, तिच्यावर तो आपला तळहात टेकवतो आणि मागून सगळं पांढरं होत जातं. दादा इथे आवाज एकदम खाली आणायचा. "दार मी लावतो. तुमी नीट ऱ्हावा." आणि मग, "हात बघा. त्येचा हात बघा." शेजारी मूर्तीचा उजवा हात तसाच वर उठलेला, तळवा पुढे. अभयमुद्रा. बायका पडद्याला हात जोडायच्या. लहान पोरंही सरसावून बसायची. खरं सांगतो, पहिल्या वेळी माझ्याही अंगावर काटा आला होता, आणि म्हणूनच माझा संशय वाढला.

गेल्या दिवाळीत मी गावी गेलो होतो. दादा गॅसची टाकी आणायला गेला, वहिनी मागं परसात. मी ती सीडी लावली, शेवटावर आणली आणि आवाज सोडला. रिमोटवरचं आवाज बंद करायचं बटण दाबून दाबून पार गुळगुळीत झालं होतं, तीनदा दाबावं लागलं. आणि मग ऐकू आलं. तो बाहेरचा माणूस कोणाला अभय वगैरे देत नव्हता. तो ओरडत होता. दार उघडा म्हणत होता, माझं नाव यादीत आहे म्हणत होता, एका माणसाला नावानं हाका मारत होता. दार त्यानं लावलंच नव्हतं. आतल्यांनी लावलं होतं, त्याला बाहेर ठेवून. तो हात काचेवर टेकवत नव्हता, आपटत होता.

मला आधी आनंद झाला. लाज वाटते, पण झाला. बघा, मी म्हणत नव्हतो? इतकी वर्षं विहारात उभा राहून हा गडी चक्क खोटं सांगतोय, आणि आपले लोक हात जोडतायत. दादा टाकी घेऊन आला की पकडायचाच, असं ठरवून मी बसलो. आणि त्याची वाट बघता बघता मला एसटीची खिडकी आठवली.

ते सांगायला हवं. आम्ही दोघं एकाच वर्षी सातवी पास झालो. दादा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, पण मधे आजारपणात त्याची वर्षं गेली होती. नगरच्या वसतिगृहात एकच जागा उरली होती आणि एका घरातला एकच मुलगा घेणार होते. आमचं घर तेव्हा एकत्र. मार्क दादाला जास्त होते. गेलो मी. घरात जी गोष्ट सांगितली गेली ती अशी, की किसन आपणहून म्हणाला, त्याला जाऊ द्या, मी राहतो. माझ्या लग्नात सांगितली, माझ्या निरोप समारंभात मी स्वतः सांगितली. राहुरीच्या स्टँडवर दादानंच माझी पेटी एसटीत चढवली. गाडी हलली तशी तो बरोबर चालू लागला आणि त्यानं खिडकीच्या काचेवर तळहात मारला. दोनदा, तीनदा. आमच्याकडे गाडीला थाप मारतात ती 'चला, जाऊ द्या' म्हणून. मी आतून हात हलवला. काच घट्ट बसलेली होती, तो काय बोलत होता ते ऐकू आलं नाही.

मी आयुष्यभर दुधवाल्यावर संशय घेतला, शिक्षणाधिकाऱ्यांवर घेतला, जावयावर घेतला, स्वतःच्या रक्ताच्या रिपोर्टवर घेतला. या एका गोष्टीवर मात्र कधी घेतला नाही. सोयीची होती ना! त्या दिवाळीत दादा टाकी खांद्यावरून उतरवत म्हणाला, "काय मास्तर, आज सिनेमा कसा काय लावला?" त्याला पकडायचं सोडून मी घाईनं सिनेमा थांबवला. त्यानं रिमोट हातात घेतला, पडद्यावरचा आवाजाचा आकडा बघितला, आणि तेच बटण दाबून आवाज पुन्हा बंद केला.

पुढे तीन महिने मी गावाकडे फिरकलो नाही. शेवटी गेलो ते त्याला गाठायलाच. तीच आमची शेवटची भेट ठरली. तो ओट्यावर बसून एका जुन्या पंख्याचे नटबोल्ट सोडवत होता. मी उभ्या उभ्याच विचारलं, "दादा, त्या सिनेमातला माणूस आपणहून थांबत नाही. तुला माहीत होतं?"

"व्हय," तो म्हणाला. "इंग्रजी येत न्हाई, पन रडनं कळतं की."

"मग खोटं का सांगतोस?"

त्यानं पाना खाली ठेवला. म्हणाला, "तुला सिनेमाचं इचारायचं न्हाई. काय इचारायचं त्ये इचार."

मग मी विचारलं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. तू राहिलास, की तुला ठेवलं?

दादानं पंख्याच्या पात्यावरची धूळ बोटानं पुसली. "ठेवलं. आज्यानं ठेवलं. म्हनला, धाकटा काडीपैलवान हाय, त्येच्याच्यानं ऊस तुटायचा न्हाई, त्येला जाऊ दे. मी लई रडलो. स्टँडवं तुला म्हनत हुतो, उतर खाली, माझी जागा हाय ती. तू आपला टाटा करत बसला." आणि तो हसला, अगदी नेहमीसारखा. मी ओट्यावर टेकलो. त्यानं माझ्याकडे न बघता पुढचं सांगितलं. "मैनाभर तुझं नाव काढलं की उठून जायचो. मंग तुझं पत्र आलं. तुला रातचं भ्या वाटतं, म्हनून लिव्हलं हुतं. आज्याला वाचता येत न्हवतं, मीच वाचून दाखवलं. वाचता वाचता म्हनलं, जाऊ दे, ऱ्हाऊ दे त्येला तिथं. त्या दिवशी थांबलो मी. ठेवतात येकदाच, मास्तर. थांबायचं काय, त्ये रोजच आसतं. त्या भायेरच्या गड्याला येळच न्हाई मिळाला थांबायला, हिकडून आग आली. म्हनून त्येच्या वाटचं मी बोलतो."

या माणसाचं मोठेपण मला तेव्हा कळलं, असं लिहून हा लेख इथे संपवता आला असता. पण मी मी आहे. कोपरगावची गाडी पकडली आणि निम्म्या वाटेतच मनात आलं, हेसुद्धा त्यानं आवाज बंद करून बोललेलं तर नसेल? म्हातारपणी भाऊ दारात येऊन विचारतोय, त्याला उभं राहता यावं म्हणून जोडलेली चार वाक्यं? ते पत्र मला आठवत नाही. मी घाबरायचो हे मात्र खरं आहे. पुन्हा गेलो की नीट, खोदून विचारायचं, असं मी ठरवलं होतं. तेवढ्यात वहिनींचा फोन आला.

दादाच्या पुण्यानुमोदनाला, त्याच्यासाठीच्या शेवटच्या वंदनेला, माणसं मावत नव्हती. जेवणं झाल्यावर वहिनींनी तो रिमोट माझ्या हातात आणून दिला. "पोरं रैवारी येऊन बसत्यात," म्हणाल्या. "तुमाला इंग्रजी येतं. तुमीच बोला आता." मी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण त्या तोवर पाहुण्यांना पाणी द्यायला वळल्या होत्या.

परवाच्या रविवारी मी विहारात टीव्ही मांडला. सीडी तीच. मनाशी ठरवून गेलो होतो की आवाज सोडायचा, लोकांना खरं काय ते ऐकू द्यायचं. इतकी वर्षं दुसऱ्यांकडून खऱ्याची मागणी केली, तर आता आपण तरी खरं बोलावं. पण रिमोट हातात घेतला आणि अंगठा त्या गुळगुळीत बटणावरच जाऊन बसला. आवाज बंदच ठेवून मी बोलत गेलो, शास्त्रज्ञ झालो, राष्ट्राध्यक्ष झालो. माझं मराठी पुस्तकी, पोरं आपसांत हसत होती. मग दार लागलं. काचेवर हात आला. पोरांचं हसणं थांबलं, पुढची एक म्हातारी तर आधीच हात जोडून बसली होती. ते वाक्य सगळ्यांना पाठ होतं, नुसतं म्हणायचं होतं. माझ्या जिभेवर ते येईना. ते वाक्य बाहेरच्या माणसाचं होतं, मी बाहेर कधी नव्हतोच. दादाच्या सिनेमात आतली माणसं या जागी काहीच बोलत नसत. मी टीव्हीजवळ गेलो, पडद्यावरच्या त्या हातावर माझा हात ठेवला, आणि वसतिगृहात गेल्यावर जी बोली मी सोडून दिली होती तीच आपोआप तोंडात आली.

"आरं, गाडी थांबवा," मी म्हणालो. "दार उघडा कुनीतरी. माझा भाऊ भायेर ऱ्हायलाय."