उसवलेली बाही

माझ्या बहिणीनं एका बापाच्या गेलेल्या लेकीचं शेवटचं विणकाम उसवून टाकलं. हे आधीच सांगून मोकळी होते, म्हणजे बाईनं गोड बोलून फसवलं असं कोणी म्हणायला नको. तिनं मुद्दाम केलं नाही, पण झालं ते झालं. चाळीस वर्षं सुई धरलेल्या हातानं झालं, आणि चाळीस वर्षं धरली होती म्हणूनच झालं. एखाद्या नवशिकीनं घाबरून हातच लावला नसता.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. गल्लीत तिला सगळे 'शेवटवाली' म्हणायचे, आणि मी 'शेवटवालीची बहीण'. जन्मभर मशीन मीही मारलं, पण मला माझं म्हणून काही नाव नाही, असो. लोकांनी अर्धवट टाकलेले कपडे पुरे करून देणं हे तिचं काम. कोणी हौसेनं स्वेटर विणायला घेतं आणि गळ्यापाशी आल्यावर कंटाळतं. कोणी बाळासाठी झबलं शिवायला घेतं, आणि बाळ शाळेत जायला लागलं तरी झबल्याला बटणं नसतात. कोणी दुलईचे टाके अर्ध्यावर सोडून दुसऱ्या गावाला निघून जातं. आणि काही माणसं मधेच मरतात. त्यांच्या पिशव्या त्यांची मुलं, नवरे, सुना घेऊन यायच्या. अशी माणसं जिना चढून आली की दारातच आधी पिशवी पुढं करायची, मग बोलायची. मी लांबून ओळखायचे. एरवी पाणी द्यायचं काम माझं, पण या माणसांना ताई स्वतः उठून द्यायची.

खाली औषधांचं दुकान, वर आमच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत खिडकीला लागून ताईचं टेबल, आतल्या भिंतीला माझं मशीन. सरळ टीप, अस्तर, काज-बटण माझ्याकडे. सुयांवरचं विणकाम आणि कापूस भरलेल्या कपड्यांवरचा हाताचा धावदोरा तिच्याकडे. फळीवर पिशव्या ओळीनं, प्रत्येकीला चिठ्ठी. तिच्या टेबलावरची टाचणी हलली तरी तिला कळायचं, आणि मग माझी धडगत नसायची.

तिची एक पद्धत होती. नवीन पिशवी आली की ती लगेच सुया उचलायची नाही. आधी ते अर्धवट विणलेलं दोन बोटांत धरून नुसतं चोळत बसायची. कोणाचा हात घट्ट असतो, कोणाचा सैल, कोणी उलटा टाका जरा ओढून घेतं, कोणी ओळीचा पहिला टाका नेहमी ढिला सोडतं. मग त्याच लोकरीचा हातभर तुकडा ती विणायची, उसवायची, परत विणायची. याला ती 'हात लावून घेणं' म्हणायची. तीन-चार दिवस असे गेले की तिचा हात त्या बाईचा व्हायचा. जोड शोधून दाखवा म्हणून मी गिऱ्हाइकांना पैजेवर उभं करायचे. एकालाही सापडला नाही. या कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, हे मी बहीण म्हणून सांगत नाही. बहीण म्हणून सांगायचं झालं तर तिच्याइतकी हेकट बाई मी दुसरी पाहिली नाही.

हे सुरू झालं आमच्या आईपासून. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांची आणि ताई चौदाची. माझ्यासाठी घेतलेला स्वेटर आईनं काखेपर्यंत आणला होता. ताईनं तो पुरा केला आणि मी तीन हिवाळे घातला. आईचं कुठवर आणि ताईचं कुठून, मला कधी कळलं नाही. तेव्हा मला त्याचं फार कौतुक होतं.

पुढं अकरा वर्षं ती कपड्यांच्या कारखान्यात होती. तिथं शेवटच्या टेबलावर बायका धागे कापायच्या, तुरपाई करायच्या, बटणं लावायच्या, आणि एक तपासनीस पाठीशी उभा असायचा. एक टाका वाकडा दिसला की तो कपडा तोंडावर फेकायचा. ताईच्या तोंडावर एकदाच फेकला म्हणे. त्यानंतर चूक दिसली की हात आपोआप मागं जायचा, उसवायचा, नीट करायचा. डोक्याला विचारायचाही नाही. मधे लग्न झालं, दीड वर्षात माघारी आली. का, ते मी चार वेळा विचारलं. "जमलं नाही," एवढंच म्हणाली. मग आम्ही दोघींनी या खोल्या घेतल्या.

तर तो बाप, म्हणजे कुलूपवाला. चौकाच्या पलीकडे त्याची किल्ल्या करायची टपरी. धिप्पाड माणूस, कानस घासून घासून बोटं काळी झालेली. दारात उभं राहून त्यानं पिशवी पुढं केली तेव्हाच मी ओळखलं. एकुलती एक लेक, एकोणीस वर्षांची. तिच्या हातापायांतली ताकद हळूहळू जात होती. अंथरुणात बसून बापासाठी राखाडी स्वेटर विणत होती. पाठ झाली, पोट झालं, उजवी बाही झाली. डावी बाही मनगटापासून वर घेतली ती कोपरापर्यंत पोचली नाही. सुया तशाच अडकवलेल्या. तो वर्षभर ते विणकाम टपरीत ठेवून होता, आणि आता घालायचं म्हणून घेऊन आला होता.

"पुढचं तेवढं करून द्या," तो म्हणाला. बस, इतकंच. मागचं ठेवा, हात लावू नका, असं काही म्हणाला नाही. त्याला वाटलं असेल, हे काय सांगायचं असतं?

ताईनं हात लावून घेतला. पोरीचा हात छान होता, मोकळा, एकसारखा. फक्त त्या डाव्या बाहीच्या शेवटच्या सहा-सात ओळी बिघडल्या होत्या. कुठं टाका गळलेला, कुठं दोन एकत्र, आणि गळलेल्या टाक्याचं एक भोक. पोरीची बोटं ऐकेनाशी झाली होती, दुसरं काय.

आता जे सांगते ते मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. दुपारची वेळ होती. माझ्यापुढं एक कापूस भरलेलं जाकीट होतं, त्याच्या कॉलरचा धावदोरा ताईनं घालायचा होता आणि ती या बाहीत अडकली होती. मी मशीनवरून ओरडले, "शी! हे काय गं? मांजरानं विणलंय का? उसव ते आणि ये इकडे." तशात आमचं आधीपासून भांडण चाललेलं. ताई माझ्याशी भांडत होती, मी तिच्याशी, आणि तिचे हात आपलं काम करत होते. सुई निघाली, धागा ओढला, सर्र सर्र सर्र. दोन मिनिटंही लागली नसतील. चांगल्या ओळीपाशी येऊन तिनं टाके परत सुईवर घेतले आणि पुढं विणायला लागली.

स्वेटर असा झाला की बघत राहावं. कुलूपवाला आला, आरशासमोर उभा राहिला, अंगात चढवला. खांदे नीट बसले होते. मी म्हटलं, "ओळखा बरं जोड कुठंय?" माझी नेहमीची पैज, मेली. त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही. उजव्या हाताचं बोट तो डाव्या बाहीवरून फिरवत होता. वर नेलं, खाली आणलं, बाही पिळून बघितली.

"इथं एक भोक होतं," तो म्हणाला.

ताई कामाच्या सुरात म्हणाली, "हो, टाका गळला होता. काढलं सगळं. आता कळतसुद्धा नाही."

"हं," तो म्हणाला. "टपरीत गिऱ्हाईक नसलं की मी त्यात बोट घालून बसायचो. तिचा शेवटचा दिवस तो. तिथं हात थांबला तिचा."

ताईचा चेहरा मी बघितला नाही, माझी हिंमत झाली नाही. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. चार शिव्या दिल्या असत्या तर मीही दोन दिल्या असत्या आणि मोकळी झाले असते. तो म्हणाला, "छान झालाय. ऊब आहे." स्वेटर अंगात तसाच ठेवून जिना उतरून गेला. ताई अनवाणी त्याच्या मागं धावली, पण रस्त्यावर तो दिसला नाही म्हणे. मला वाटतं दिसला असेल, हिलाच हाक मारवली नसेल.

त्या दिवसापासून ताईनं नवीन पिशवी घेतली नाही. फळीवरच्या पिशव्या मी एकेक करून परत केल्या. लोक चिडले, मग शेजारच्या गल्लीत मशीनवाल्याकडे जायला लागले. त्याचा जोड लांबून दिसतो, पण कोणाचं काही अडलं नाही. ताई खिडकीशी बसून उरलेल्या राखाडी लोकरीची बाही विणायची. मनगटापासून वर, आणि मग त्या सहा-सात ओळी. मुद्दाम टाका गाळायची, मुद्दाम दोन एकत्र करायची. बघायची आणि उसवायची. परत. जगातल्या कुठल्याही बाईचा हात उचलणारी माझी बहीण, तिला एका पोरीची चूक उचलता येईना. उसवून उसवून लोकर पिंजली, विरायला लागली.

"अगं, काय करणार आहेस त्याचं?" मी वैतागून म्हणायचे. "तो काय बाही बदलून घेणार आहे?"

"द्यायची आहे," ती म्हणायची. "जमली की देईन."

एकदा न राहवून मी त्याच्या टपरीवर भांडायला गेले. हो, भांडायलाच. म्हटलं याला सांगते, की बाबा रे, एकदा येऊन तिला माफ केलं म्हण, नाहीतर ती मरेल. हातात आमच्या दाराची किल्ली होती, काहीतरी निमित्त हवं म्हणून नेलेली. त्यानं ती घेतली, दुसरी करून दिली, कडा बोटानं तपासली. मी बोलायला तोंड उघडलं तर तोच म्हणाला, "बहिणीवर राग नाही हो माझा. त्यांना कसं कळणार?" आता यावर काय भांडणार? किल्ली घेऊन घरी आले आणि ताईला सांगितलं की त्याचा राग नाही. ती म्हणाली, "तेच तर." आणि विणत बसली.

परत थंडी पडली तेव्हा तो आपणहून आला. अंगात तोच स्वेटर, कोपराशी थोडा ताणलेला. ताई उठून उभी राहिली. मी खुर्ची दिली, तो बसला, आणि डावा हात टेबलावर पसरला, डॉक्टरपुढं पसरतात तसा.

"एक विचारायचं होतं," तो म्हणाला. "भोक नेमकं कुठं होतं हो? मला वाटलं होतं मी कधी विसरणार नाही. रोज बोट फिरवायचो तिथं. आता इथं वाटतं, घटकाभरानं इथं वाटतं. परवापासून काहीच वाटेना." बोट बाहीवर इथं-तिथं टेकवत तो बोलत होता. "तुम्ही स्वतःच्या हातानं उसवलंत. तुम्हाला माहीत असेल."

ताईनं तोंड उघडलं. मी पुढं झाले. माझं तोंड गिऱ्हाइकांशी खोटं बोलायला कायम तयार असतं, त्याचा आज काही उपयोग व्हावा.

"इथं," मी म्हटलं, आणि त्याचं बोट धरून टेकवलं. "मनगटापासून सात बोटं, आतल्या अंगाला. मी बघितलंय ना."

त्यानं डोळे मिटले. देवाशपथ सांगते, त्या माणसाचा चेहरा सैल झाला. वर्षभरात पहिल्यांदाच झाला असावा. बोट दाबून तो तसाच बसला, आणि मला वाटलं, चला, मिटलं एकदाचं.

"नाही," ताई म्हणाली.

मी तिच्याकडे डोळे वटारून बघितलं. खालून तिच्या पायावर पाय दिला. ऐकेल तर ती ताई कसली.

"ती खोटं सांगतेय. तिला माहीत नाही. मलाही माहीत नाही. मी ते नीट बघितलंच नाही हो. चूक दिसली आणि हात गेला. डोळे हिच्याकडे होते. आम्ही भांडत होतो."

अगं बाई, असं मला ओरडावंसं वाटलं. जन्मात एकदा, एकदाच गप्प बसली असतीस! एवढं वर्ष खपलीस कशासाठी? त्याला काहीतरी द्यायचं म्हणूनच ना? मी दिलं होतं, ते काढून घेतलंस.

त्यानं डोळे उघडले. बोट तिथंच होतं. थोड्या वेळानं त्यानं ते उचललं आणि हात मांडीवर घेतला. खाली औषधांच्या दुकानाचं शटर कोणीतरी वर केलं.

"कशावरून?" त्यानं विचारलं.

"काय?"

"भांडण. कशावरून चाललं होतं?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. ताईनं माझ्याकडे बघितलं. यावेळी मला खोटं सुचलं नाही.

"कात्रीवरून," मी म्हटलं. "मी कागद कापून कापडाच्या कात्रीची धार घालवली होती."